विशेष चिन्हांची निर्यात : एमक्यूएल या व्यापारी संगणकभाषेच्या लेखनव्यवस्थेची समीक्षा

शेअर, परकीय चलन आणि वायदे यांच्या व्यवहारांसाठी ज्या आटोपशीर संगणकभाषा गेल्या दोन-अडीच दशकांत प्रचारात आल्या, त्यांचा विचार सामान्यतः दोन अंगांनी होतो. व्यापारी त्यांच्याकडे नफ्यातोट्याचे साधन म्हणून पाहतो. संगणकतज्ज्ञ त्यांना वेगाच्या कसोटीवर पारखतो. या भाषा अखेर लेखनव्यवस्थाही आहेत आणि त्यांनी लिहिलेला मजकूर पुढे दुसऱ्या कोणाला तरी वाचावा लागतो, ही तिसरी बाजू मात्र उपेक्षित राहते. प्रस्तुत लेखात याच तिसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी मेटाट्रेडर या व्यापारी सॉफ्टवेअरमधील एमक्यूएल ही भाषा उदाहरणादाखल घेतली आहे. मेटाट्रेडरची चौथी आवृत्ती २००५ मध्ये आणि पाचवी २०१० मध्ये आली. त्यांच्याबरोबर अनुक्रमे एमक्यूएल-४ व एमक्यूएल-५ या भाषा आल्या. दोन्हींचे वळण सी व सी++ या भाषांचे आहे. भावांची, सौद्यांची व शेऱ्यांची नोंद सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून एखाद्या फाइलीत उतरवणे, यास व्यवहारात ‘निर्यात’ म्हणतात. या निर्यातीत काही चिन्हे बिघडतात, काही नाहीशी होतात आणि काही नको तेथे वाक्य तोडतात. अशा चिन्हांना ‘विशेष चिन्हे’ म्हणण्याची रूढी आहे, आणि ती काढून टाकावीत असा सल्लाही सर्रास दिला जातो. ही रूढी व हा सल्ला दोन्ही तपासून पाहण्याजोगे आहेत.

१

प्रथम ‘विशेष’ या विशेषणाचाच विचार केला पाहिजे. स्वल्पविराम हे चिन्ह स्वतःच्या ठिकाणी विशेष नाही. मराठी वाक्यात तो अल्प विराम दाखवतो आणि त्यात कोणास अडचण वाटत नाही. तोच स्वल्पविराम एका रकान्याची समाप्ती दाखवण्याच्या कामी नेमला गेला की तो ‘विशेष’ ठरतो. तेथे त्याच्याकडे दोन कार्ये येतात : मजकुराचा घटक असणे आणि मजकुराची सीमा सांगणे. पहिले कार्य भाषेचे. दुसरे, भाषेविषयी बोलणाऱ्या भाषेचे, म्हणजे अधिभाषेचे. वैशिष्ट्य चिन्हाच्या अंगी नसते. ते त्या स्थानी त्याच्यावर लादलेल्या दुहेरी कार्यातून उत्पन्न होते. निर्यातीतील बहुतेक सर्व घोटाळ्यांचे मूळ ही दोन कार्ये वेगळी न ओळखण्यात आहे.

भारतीय व्याकरणपरंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. पाणिनीय व्याकरणाच्या आरंभी जी चौदा सूत्रे येतात, त्यांच्या शेवटची व्यंजने ही वर्णमालेतील वर्ण म्हणून मोजली जात नाहीत. ती केवळ खुणा आहेत; त्यांना इत् अशी संज्ञा असून कार्य आटोपल्यावर त्यांचा लोप होतो. यांपैकी ण् ही खूण पहिल्या व सहाव्या अशा दोन सूत्रांच्या अखेरीस आली आहे. परिणामी अण् या प्रत्याहाराने फक्त अ, इ, उ हे तीन स्वर घ्यावेत की सहाव्या सूत्रापर्यंतचे सर्व वर्ण घ्यावेत, असा संदेह उत्पन्न होतो. शिवाय सातव्या सूत्रात हाच ण खूण म्हणून न येता खराखुरा वर्ण म्हणून आला आहे. म्हणजे एकच ध्वनिचिन्ह कधी सामग्री, तर कधी सीमा. पतंजलींपासून पुढे भाष्यकारांनी या संदेहाचा परामर्श घेतला आणि कोठे कोणता अर्थ घ्यावयाचा ते व्याख्यानाने निश्चित केले. परंपरेजवळ भाष्यकार होता म्हणून ही संदिग्धता तिला पेलली. यंत्राजवळ भाष्यकार नाही. त्यामुळे संदेह फेडण्याची तरतूद यंत्राच्या बाबतीत लेखनव्यवस्थेतच असावी लागते.

२

ही तरतूद एमक्यूएलला ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. भाषेच्या मूळ लेखनात, म्हणजे स्क्रिप्ट लिहिताना, शब्दमालिका दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावी लागते. मालिकेच्या आतच अवतरणचिन्ह लिहावयाचे असल्यास त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ (\) देतात. ही रेघ पुढील चिन्हाचे सीमादर्शक कार्य रद्द करते व त्याला साध्या मजकुराचा दर्जा देते. आता ही रेघ स्वतःच मजकुरात हवी असेल, तर ती दोनदा लिहावी लागते. फाइलीचा मार्ग लिहिताना हा नियम नवशिक्यास हमखास आडवा येतो. तथापि नियम निर्दोष आहे. कोणते चिन्ह अधिभाषेचे, ते मजकुरात आल्यास काय करावे, आणि तसे करण्यासाठी योजलेले चिन्हच मजकुरात आल्यास काय करावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. सी भाषेकडून आलेला हा वारसा आहे व एमक्यूएलने तो नीट सांभाळला आहे.

टीकेचा विषय याच्या पुढे सुरू होतो. स्वतःचे स्क्रिप्ट लिहून घेताना जी भाषा इतकी काटेकोर राहते, तीच दुसऱ्यासाठी फाइल लिहिताना हा विवेक सोडून देते. ‘फाइलओपन’ या फलनाने फाइल सीएसव्ही प्रकारची म्हणून उघडता येते आणि ‘फाइलराइट’ या फलनाने तिच्यात ओळ लिहिता येते. फाइलराइट दोन रकान्यांमध्ये ठरलेला विभाजक आपोआप घालते व ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची खूण करते. परंतु रकान्यातील मजकुरातच तो विभाजक आहे काय, हे ती पाहत नाही. मजकुराभोवती अवतरणचिन्हेही घालत नाही. वाचनाच्या बाजूलाही तोच प्रकार आहे. ‘फाइलरीडस्ट्रिंग’ हे फलन सीएसव्ही फाइलीत विभाजक किंवा ओळीचा शेवट येईपर्यंत वाचते आणि तेथे रकाना संपला असे मानते.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. संज्ञा, वर्णन, भाव आणि उलाढाल असे चार रकाने लिहावयाचे आहेत व विभाजक म्हणून स्वल्पविराम ठरवला आहे असे समजा. वर्णनाच्या जागी ‘ॲमेझॉन.कॉम, इन्क.’ हे अमेरिकन कंपनीचे अधिकृत नाव आले. या नावात स्वल्पविराम आहे. लिहिणाऱ्याच्या मते ओळीत चार रकाने असतात. वाचणाऱ्यास पाच दिसतात. वर्णन ‘ॲमेझॉन.कॉम’ येथेच संपते, भावाच्या जागी ‘इन्क.’ येते आणि उलाढालीच्या जागी भाव जाऊन बसतो. भावाच्या रकान्यातील चूक निदान डोळ्यांस दिसते, कारण तेथे संख्येऐवजी अक्षरे आली. उलाढालीच्या रकान्यातील चूक दिसतही नाही, कारण तेथे संख्येच्या जागी संख्याच आली आहे. अशा फाइलीवरून काढलेली सरासरी बिनचूक गणिताने काढलेली असते आणि तरीही खोटी असते.

या रोगावरील उपचार जुना व प्रसिद्ध आहे. सीएसव्ही या लेखनप्रकाराचे प्रचलित संकेत ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी ४१८०’ या टिपणात एकत्र नोंदवलेले आहेत. ज्या रकान्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा ओळ बदलण्याची खूण असेल तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा, आणि आतील प्रत्येक दुहेरी अवतरणचिन्ह दोनदा लिहावे, हे त्याचे सार. एमक्यूएलमध्ये हे करावयाचे तर लेखकाने फाइल साध्या मजकुराच्या प्रकारात उघडावी, ‘स्ट्रिंगरिप्लेस’ या फलनाने अवतरणचिन्हे दुप्पट करावीत, रकान्याभोवती अवतरणचिन्हे घालावीत आणि ओळ स्वतः जुळवावी. काम दहा-बारा ओळींचे आहे. ते भाषेने करावयास हवे होते; ते लेखकावर सोपवले गेले, आणि पुष्कळ लेखकांना आपल्यावर काही सोपवले आहे याची कल्पनाही नसते.

एमक्यूएलच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. विभाजक सांगितला नाही तर एमक्यूएल-५ सीएसव्ही फाइलीतही टॅब हे चिन्ह वापरते. नाव स्वल्पविरामाचे आणि व्यवहार टॅबचा, हे विचित्र दिसते खरे. पण निवड चुकीची नाही, कारण कंपन्यांच्या नावांत टॅब सहसा येत नाही. युरोपातील काही देशांत अर्धविरामाचा विभाजक वापरतात, त्यामागेही कारण आहे. जर्मन लेखनपद्धतीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो, म्हणून तेथे रकान्यांसाठी तो मोकळा राहत नाही. तथापि विरळ चिन्ह निवडणे म्हणजे संदेह टाळणे होय. संदेह फेडणे नव्हे. व्यापाऱ्याने लिहिलेल्या शेऱ्यात टॅब किंवा अर्धविराम आला की प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. आस्की या संकेतमालेत २८ ते ३१ हे चार क्रमांक केवळ विभाजनासाठी राखून ठेवले होते. ती व्यवस्था तर्कदृष्ट्या सरस होती. पण ही चिन्हे कळफलकावर नाहीत आणि डोळ्यांस दिसत नाहीत, म्हणून व्यवहाराने ती स्वीकारली नाहीत. माणसाला वाचता येईल असाच मजकूर हवा असेल तर सीमाचिन्हे मजकुरातूनच उचलावी लागतात, आणि मग अवतरणाचा नियम अपरिहार्य होतो.

३

दुसरा प्रश्न विभाजनाचा नसून संकेतनाचा आहे. २०१४ पर्यंत एमक्यूएल-४ मधील शब्दमालिका एका बाइटाच्या चिन्हांच्या असत. त्या वर्षी आलेल्या ६०० क्रमांकाच्या बांधणीपासून त्या युनिकोडच्या झाल्या. एमक्यूएल-५ मध्ये तर त्या आरंभापासूनच तशा आहेत. त्यामुळे भाषेच्या अंतरंगात देवनागरी, रशियन किंवा चिनी मजकूर सुखरूप राहतो. धोका फाइलीच्या उंबरठ्यावर आहे. फाइल उघडताना ‘एएनएसआय’ हा पर्याय निवडून कोडपेज सांगितले नाही, तर मजकूर त्या संगणकाच्या चालू कोडपेजमध्ये उतरवला जातो. कोडपेज म्हणजे २५६ जागांचा कोष्टक; आणि कोष्टक देशपरत्वे बदलतो. युरो या चलनाचे चिन्ह पश्चिम युरोपच्या १२५२ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये १२८ व्या स्थानी आहे, तर रशियन लिपीच्या १२५१ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये १३६ व्या स्थानी.

रुपयाचे चिन्ह या दृष्टीने उद्बोधक आहे. भारत सरकारने ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये त्याला ८३७७ हा क्रमांक मिळाला. १२५२ च्या कोष्टकात त्याला जागा नाही. अशा स्थितीत ते फाइलीत ‘?’ होऊन उतरते. देवनागरीची स्थिती याहून बिकट आहे. विंडोज या प्रणालीत देवनागरीसाठी एएनएसआय वर्गाचे चालू कोडपेज कधी नव्हतेच. तिच्यासाठी आरंभापासून युनिकोडचीच वाट आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये ठरले, पण विंडोजचे चालू कोडपेज म्हणून ते आले नाही. म्हणून चालू कोडपेज म्हणून यूटीएफ-८ मुद्दाम निवडलेले नसेल, तर एएनएसआय फाइलीत ‘तोटा आवरण्यासाठी विक्री’ हा मराठी शेरा प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊनच जातो.

येथे दोन प्रकारच्या बिघाडांत भेद केला पाहिजे, कारण व्यवहारात दोहोंना सरसकट ‘अक्षरे खराब झाली’ असे म्हटले जाते. यूटीएफ-८ या पद्धतीत ₹ हे चिन्ह २२६, १३० आणि १८५ अशा तीन बाइटांत लिहिले जाते. हीच फाइल १२५२ च्या कोष्टकाने वाचली, तर टोपी चढवलेले रोमन ‘ए’ अक्षर, ओळीच्या तळाशी बसलेले एकेरी अवतरणचिन्ह आणि वर चढवलेला एकाचा आकडा अशी तीन भलतीच चिन्हे दिसतात. एक्सेलसारखे सॉफ्टवेअर आरंभचिन्ह नसलेली यूटीएफ-८ फाइल थेट उघडताना अनेकदा हेच करते. हा बिघाड दिसावयास भयंकर असला तरी तो केवळ अपपाठ आहे. बाइट जसेच्या तसे आहेत. योग्य कोष्टक दिले की मूळ पाठ परत मिळतो. प्रश्नचिन्हाचा प्रकार निराळा आहे. तेथे ₹, ‘त’ आणि ‘क’ या सर्वांच्या जागी एकच चिन्ह आले, आणि कोणत्या प्रश्नचिन्हामागे काय होते हे सांगणारे काहीही फाइलीत उरले नाही. हा लोप आहे. हस्तलिखितातील दुर्वाच्य अक्षर आणि कसरीने खाल्लेले अक्षर यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. गंमत अशी की डोळ्यांस दुसरा प्रकार अधिक नीटनेटका दिसतो, आणि म्हणून पुष्कळदा तो सुधारणा समजून स्वीकारला जातो.

एमक्यूएलमध्ये यावर उपाय आहे. फाइलओपनला चौथे पद म्हणून यूटीएफ-८ चे कोडपेज, म्हणजे ६५००१ हा क्रमांक, देता येतो. परंतु हे करताना फाइलीचा प्रकार ‘एएनएसआय’ असाच सांगावा लागतो. ‘युनिकोड’ असा प्रकार सांगितल्यास मजकूर दोन-दोन बाइटांच्या एककांत लिहिला जातो, आणि अशी फाइल पुष्कळ विश्लेषक साधनांना अधिक सूचनांखेरीज वाचता येत नाही. सारांश, युनिकोडचे सर्वाधिक प्रचलित रूप मिळवण्यासाठी लेखकाने युनिकोड हा शब्द टाळून एएनएसआय म्हणावे लागते. भाषेच्या रचनाकारांच्या लेखी या दोन संज्ञांचा अर्थ ‘एक बाइटाचे एकक’ आणि ‘दोन बाइटांचे एकक’ एवढाच असावा असे वापरावरून दिसते. पण संज्ञा एकदा रूढ अर्थाने प्रसिद्ध झाल्यावर तिला आडवळणाचा अर्थ देणे हा परिभाषेचा दोष होय. त्याचे प्रायश्चित्त वाचकाला भोगावे लागते.

४

तिसरा मार्ग आदेशाचा, म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे योजण्याचा. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात महिंद्र अँड महिंद्र या कंपनीची संज्ञा दोन ‘एम’ आणि त्यांमध्ये ‘&’ अशी आहे; बजाज ऑटोच्या संज्ञेत दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह (-) आहे. वेबच्या पत्त्यात & हे चिन्ह दोन मूल्यांची सीमा दाखवते, आणि एक्सएमएल या लेखनप्रकारात ते सांकेतिक उल्लेखाचा आरंभ करते. वजाबाकीच्या राशीत संयोगचिन्ह वजाचे काम करते. म्हणून ही दोन्ही चिन्हे गैरसोयीची. पाइन स्क्रिप्ट ही भाषा ज्या ट्रेडिंगव्ह्यू या व्यवस्थेत चालते, तेथे दोन्ही संज्ञांत या चिन्हांऐवजी अधोरेघ (_) लिहिली जाते. तक्ता काढण्यापुरते हे ठीक आहे. परंतु तेथून बाहेर काढलेली संज्ञा बाजाराच्या मूळ यादीशी जुळवावयाची झाली की अडचण येते : अधोरेघेमागे मूळ चिन्ह & होते की संयोगचिन्ह, हे संज्ञेवरून सांगता येत नाही.

भाषाशास्त्रात या घटनेचे नाते भेदलोपाशी आहे. त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात या कल्पनेचे विवेचन केले आहे. जर्मन भाषेत शब्दाच्या अंती ‘द’ व ‘त’ यांचा भेद राहत नाही. ‘चाक’ आणि ‘सल्ला’ या अर्थांचे दोन शब्द सारखेच उच्चारले जातात. मात्र तेथे विभक्तिरूपांत हा भेद पुन्हा प्रकट होतो, आणि भाषक त्यावरून मूळ ओळखतो. शेअर बाजाराच्या संज्ञेला विभक्ती नाही. तिचा हरवलेला भेद भाषेच्या आत कोठेही पुन्हा प्रकट होत नाही. तो बाहेरच्या यादीवरूनच जाणावा लागतो. अशी यादी जतन करून फाइलीसोबत दिली असेल तर आदेश निर्दोष मानता येईल. ती नसेल तर आदेश हा सभ्य वेषातील लोपच होय.

५

या टीकेवर एक आक्षेप घेतला जाईल. एमक्यूएल ही सौदे करण्याची भाषा आहे, ग्रंथसंपादनाची नव्हे. तिच्या फाइलींत मुख्यतः संख्या असतात. मग इतक्या सोपस्काराची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे. संख्यांच्या चार रकान्यांसाठी अवतरणाचा नियम लागत नाही आणि तेथे तो पाळण्याचा आग्रहही नसावा. परंतु संज्ञा, वर्णने आणि शेरे हे मजकुराचे रकाने संख्यांच्या बरोबर जातातच, आणि संख्या कोणाची हे तेच सांगतात. वर्णन बिघडल्यास संख्या अनाथ होते. शिवाय व्यापाऱ्यांच्या शेऱ्यांवरून बाजाराच्या बोलीचा अभ्यास करू पाहणाऱ्यास शेरा हीच सामग्री आहे. त्याच्या दृष्टीने ‘विशेष चिन्हे काढून टाका’ या सल्ल्याचा मराठीपुरता अर्थ ‘मराठी काढून टाका’ असा होतो. जी लिपी पहिल्या कोष्टकात बसली नाही तिचे प्रत्येक अक्षर ‘विशेष’ ठरते, ही गोष्ट या सल्ल्याच्या साधेपणात लपून राहते.

तेव्हा निर्यातीचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे? फाइल सुबक दिसते काय, ही कसोटी पुरेशी नाही हे वर दिसलेच. खरी कसोटी परतीची आहे : लिहिलेली फाइल पुन्हा वाचली असता मूळ मजकूर चिन्हाने चिन्ह तसाच मिळाला पाहिजे. ही परीक्षा एका छोट्या मालिकेने घेता येते. तिच्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह, उलटी तिरकी रेघ, ओळ बदलण्याची खूण, ₹ आणि ‘क्षि’ हे अक्षर असावे. ‘क्षि’ मुद्दाम घ्यावयाचे, कारण मराठी वाचकाला ते एक अक्षर वाटते, एमक्यूएलमधील लांबी मोजणारे फलन त्याची चार एकके मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये ते बारा बाइट व्यापते. रकान्याची रुंदी बाइटांत मोजून कापणारे स्क्रिप्ट या एका अक्षरावर उघडे पडते. ही मालिका सुखरूप परत आली तर निर्यात विश्वसनीय समजावी. न आल्यास अपपाठ झाला की लोप, हे प्रथम ठरवावे. अपपाठ असेल तर कोष्टक बदलावे, लोप असेल तर मूळ नोंदीकडे परत जाऊन फाइल नव्याने काढावी. लुप्त फाइलीवर दुरुस्तीचे प्रयोग करणे व्यर्थ आहे.

या कसोटीवर एमक्यूएल-५ चा निकाल मिश्र येतो. तिच्या शब्दमालिका सर्व लिप्यांना सामावून घेतात, हा तिचा मोठा गुण. यूटीएफ-८ ची वाट तिच्यात आहे, पण ती चुकीच्या नावाच्या दारामागे आहे. अवतरणाचा नियम ती स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये पाळते आणि स्वतःच्या फाइलींत पाळत नाही, हा तिचा मुख्य दोष. हा दोष असाध्य नाही. विभाजक असलेल्या रकान्याभोवती अवतरणचिन्हे घालणारा एक पर्याय फाइलराइटला जोडला, आणि वाचनाच्या फलनाने तो मानला, तर तो नाहीसा होईल. तोवर हे काम स्क्रिप्ट लिहिणाऱ्यास करावे लागेल. ज्या विभागांत अशा फाइलींवर संशोधन चालते, तेथे सामग्री हाती घेण्यापूर्वी तिच्या संकेतनाची व विभाजकाची नोंद मागून घेणे, हे हस्तलिखिताची लिपी व प्रत नोंदवण्याइतकेच प्राथमिक कर्तव्य मानले गेले पाहिजे.